फाटकावर पावतीपुस्तक नको

भाचेबुवा, लॉजचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलं, औंढ्याच्या रस्त्याला जागा मिळाली, पुढं गाड्यांसाठी ऐसपैस अंगण सोडलंस. सगळं ठीक आहे. पण परवा तुझा भागीदार हिशोब मांडत होता, की मुक्कामी गिऱ्हाइकाकडून गाडीचे रात्रीचे ५० रुपये वेगळे घ्यायचे, फाटकावर एक पोरगं पावतीपुस्तक देऊन बसवायचं. ते मला पटलं नाही. भागीदारासमोर भाच्याला अडवणं बरं दिसत नाही म्हणून गप्प बसलो. आता दोघंच आहोत तर ऐक. माझी उभी हयात लॉजच्या काउंटरमागं गेली. गाडीवरून झालेली जेवढी भांडणं मी मिटवली, तेवढी मळक्या चादरी, थंड पाणी आणि ढेकूण तिन्ही मिळूनसुद्धा झाली नसतील.

माझं म्हणणं सरळ आहे. जो खोली घेऊन मुक्काम करतो, त्याच्याकडून गाडीचे पैसे वेगळे घ्यायचे नाहीत. जागेचा, दिव्याचा, वॉचमनचा खर्च खोलीच्या दरात धरायचा आणि तो दर पहिल्याच बोलण्यात सांगून टाकायचा. याचा अर्थ गाडी फुकट उभी राहिली असा नाही. तो पैसा तुला मिळतोच. तो कुठं मागायचा एवढाच प्रश्न आहे, आणि फाटक ही पैसे मागायची जागा नव्हे.

तुझ्याकडं येणार कोण, हे आधी डोळ्यांपुढं आण. हिंगोली काही महाबळेश्वर नाही. इथं माणूस कामानं येतो, नाहीतर देवाला येतो. १ मे १९९९ ला परभणीतून फुटून जिल्हा झाला, तेव्हापासून कचेऱ्या वाढल्या, दौऱ्यावरचे साहेब वाढले. औषधांचे एमआर, बियाणं-खताच्या कंपन्यांची पोरं वर्षभर फिरत असतात. हळदीच्या दिवसांत संत नामदेव मार्केट यार्डात मराठवाड्यातून, विदर्भातून माल येतो. मालामागं शेतकरी, शेतकऱ्यामागं व्यापारी. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाकडं रीघ लागते. नामदेवांचं नर्सी आपल्याच तालुक्यात. शिरड शहापूरला जैन भाविक येतात. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घ्यायला लोटणारी गर्दी तू लहानपणापासून बघतोस, आणि दसऱ्याचं प्रदर्शन तर दीडशे वर्षांहून जुनं. यातला कुणीही हॉटेलची मौज करायला येत नाही. त्याला रात्र काढायची असते, सकाळी अंघोळीला गरम पाणी हवं असतं आणि गाडी जिथं लावली तिथंच, काच शाबूत अशी सापडायला हवी असते. गल्लीत गाडी कुठं लावायची ही पंचाईत नको, म्हणूनच तर तो गावातलं स्वस्त लॉज सोडून तुझ्याकडं रस्त्यावर येणार. मग ज्या गोष्टीसाठी त्यानं तुला निवडलं, तीच दारात वेगळी विकायला काढायची?

वारंगा फाट्यावर बघ. अकोला-नांदेडचा रस्ता आणि नागपूरकडं जाणारा रस्ता तिथं मिळतो. खिचडी खायला केवढ्या गाड्या थांबतात! तिथं गाडी लावल्याची पावती कुणी फाडत नाही, कारण दारात गाड्या उभ्या दिसल्या की मागून येणारा आपसूक ब्रेक दाबतो. मोकळं अंगण बघून कुणी थांबत नाही. रात्री आठ वाजता तुझ्या अंगणात सहा-सात गाड्या दिसल्या, तर नांदेडकडं निघालेला थकला-भागला माणूस म्हणणार, इथं लोक उतरतात, आपणही उतरू. ही जाहिरात तुला पेंटरकडून करून मिळणार नाही.

आता भागीदाराचा हिशोब कागदावर मांडू. धर, २० खोल्या, रोज सरासरी १० भरतात. महिन्याला ३०० मुक्काम झाले. रात्रीच्या वॉचमनला १२,००० धर. म्हणजे मुक्कामामागं ४० रुपये. १,००० ची खोली १,०४० ला दिली तर गिऱ्हाईक त्या ४० रुपयांवर अडणार नाही. आता दुसरी बाजू. ३०० मुक्कामांतले निम्मे गाडी घेऊन आले असं धर. १५० गाड्या, ५० रुपयांनी झाले ७,५००. वॉचमनचाच पगार निघत नाही, तर फाटकावरच्या पोराचा कुठून निघणार? त्यात ओळखीचा म्हणून सोडलेला, पुढाऱ्याचा पाहुणा म्हणून सोडलेला, पोलिसाची गाडी म्हणून सोडलेली, सुट्टे नाहीत म्हणून 'सकाळी देतो' सांगून पहाटेच निघून गेलेला. आणि पोरानं पावती न फाडता खिशात घातलेले वेगळेच. शिवाय मोटारसायकलचे किती? वऱ्हाडाची बस आली तर किती? एका खोलीत दोन गाड्या आल्या तर? प्रत्येक प्रश्नाला एक दर लागतो आणि प्रत्येक दराला एक हुज्जत.

या हुज्जतीचं मोल तुला कळायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या जागी उभा राहा. माणूस दोनशे किलोमीटर गाडी हाणून आलेला असतो, मागं बायको, दोन पेंगुळलेली लेकरं, म्हातारी आई. फाटकातच एक पोरगं काचेवर टकटक करतं: गाडीचे पन्नास. त्यानं अजून खोली बघितलेली नाही, तुझं तोंड बघितलेलं नाही. तुझ्या लॉजची त्याची पहिली ओळख म्हणजे ती टकटक. तो ५० रुपये देईल, पण मग वर जाऊन चादर उलटून बघेल, नळ सोडून बघेल, टीव्हीचे चॅनल मोजेल. ज्याच्याशी दारातच घासाघीस झाली तो खोलीत दोष शोधतो, हे मी काउंटरवर बसून बघितलंय. हाच माणूस १,०४० देऊन वर गेला असता तर निवांत झोपला असता.

दौऱ्यावरच्या माणसाचं आणखी एक आहे. एमआरला किंवा साहेबाला राहण्याचं बिल कचेरीत लावता येतं. खोलीच्या बिलात सगळं आलं की काम झालं. वेगळी चिठ्ठी दिलीस तर ती अकाउंटवाला बाजूला काढतो आणि ५० रुपये त्याच्या खिशातून जातात. रक्कम छोटी असते, पण महिन्यातून दोनदा येणारा माणूस तिसऱ्यांदा दुसरीकडं उतरतो, आणि तुला कारणही कळत नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या भागीदारानं बोलायला हवी होती आणि तो बोलला नाही. एसटीनं येणारा, पूर्णा-अकोला रेल्वेनं येणारा माणूस गाडी आणतच नाही. त्यानं दुसऱ्याच्या गाडीच्या राखणीचे ४० रुपये का भरावेत? हा आक्षेप खरा आहे, उडवून लावण्यासारखा नाही. बहुतेक वेळा तोच दोघांतला गरीब असतो. यावर माझा तोडगा असा: गाडीवाल्यावर आकार चढवू नको, बिनगाडीवाल्याला उतरवून दे. त्यानं विचारायची वाट बघू नको. 'गाडी नाही ना तुमची? मग ४० कमी,' असं काउंटरवरच्या माणसानं आपणहून म्हणायचं. दोघांच्या दरातलं अंतर जवळपास तेच राहतं. पण एक जण दंड भरल्यासारखं तोंड करून आत येतो आणि दुसरा सूट मिळाल्यासारखं. नाहीतर त्याला पहाटे बसस्टँडवर, नाहीतर स्टेशनावर सोडायची सोय कर. गाडीवाल्याला अंगण दिलंस, याला दोन चाकं दे.

मुंबईची गोष्ट वेगळी, हेही सांगतो, नाहीतर म्हणशील मामा एकाच गावच्या चष्म्यातून बघतो. दक्षिण मुंबईत गाडीएवढी जागा म्हणजे सोनं. पाहुण्यांतले पुष्कळ जण विमानतळावरून टॅक्सीनं येतात. तिथं गाडीवाल्याकडून वेगळे पैसे घेतले तर त्यात न्याय आहे, कारण गाडी न आणण्याची मुभा खरोखर आहे. परदेशातल्या मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीतही हेच चालतं. तुझ्या लॉजला रात्री नऊ वाजता येणाऱ्यानं गाडी कुठं ठेवून यावं? हायवेच्या कडेला? ज्याला गाडीशिवाय येताच येत नाही त्याच्या दृष्टीनं गाडीचा आकार खोलीच्या दराचाच भाग झाला, आणि दराचा भाग दरातच दिसायला हवा. अमेरिकेत हॉटेलं खोली स्वस्त दाखवून वर 'रिसॉर्ट फी' लावत. लोक एवढे वैतागले, की तिथल्या व्यापार आयोगानं नियम केला आणि १२ मे २०२५ पासून तो लागू झाला: जो आकार टाळता येत नाही तो पहिल्या किमतीतच धरून दाखवायचा. आपल्याकडं ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांची यादी काढली. आधी कमी किंमत दाखवून पैसे भरताना आकार वाढवत जाणं, हे त्या यादीत आहे. सर्व्हिस चार्जचं तर तुला माहीतच आहे. २०२२ मध्ये त्याच प्राधिकरणानं सांगितलं, की हॉटेलांनी तो बिलात परस्पर लावायचा नाही. हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये हरले. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते बघ.

तुझा भागीदार ऑनलाइन बुकिंगचं म्हणत होता ते मला कळलं. बुकिंगवाल्या कंपन्या खोलीच्या दरावर कमिशन कापतात. मग खोली स्वस्त दाखवायची आणि उरलेले पैसे गाडी, गादी, गिझर असे दारात काढायचे. कमिशन वाचतं खरं. पण मोबाइलवर एकदा कुणी लिहिलं, की 'इथं गाडीचे वेगळे पैसे मागितले', की ते कायमचं तिथं राहतं. तू वाचवलेल्या कमिशनपेक्षा ते महाग पडतं.

जीएसटीचंही बघून ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के लागतो आणि त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. गाडी उभी करण्याची सेवा वेगळी धरली तर तिचा दर १८ टक्के. खोलीबरोबरची सोय म्हणून ती दरात असली की प्रश्न उठत नाही. वेगळं पावतीपुस्तक छापलंस की प्रश्न तूच दारात आणून बांधलास. उलाढाल २० लाखांच्या पुढं जाणार असेल तर सीएकडून हे आधीच स्पष्ट करून घे. नंतर नोटीस आल्यावर नको.

आता सगळ्यात जड गोष्ट सांगतो, ती नीट ध्यानात ठेव. भागीदार म्हणाला, पैसे घेतले नाहीत तर जबाबदारीही आपली नाही, 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असा बोर्ड लावू. हे साफ चूक आहे.

दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री अकराच्या सुमाराला एक गृहस्थ मारुती झेन घेऊन गेले. किल्ली हॉटेलच्या माणसाला दिली, त्यानं टोकन दिलं. टोकनावर छापलेलं होतं, की गाडी तुमच्या जोखमीवर, चोरी-नुकसानीला हॉटेल जबाबदार नाही. रात्री एकच्या सुमाराला ते बाहेर आले तर गाडी नाही. झालं असं होतं, की तीन पोरं आपल्या वेगळ्या गाडीतून आली, हॉटेलात काही वेळ बसली, बाहेर येऊन आपली गाडी मागवली, आणि तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं झेनची किल्ली उचलली. पहारेकऱ्यानं अडवायचा प्रयत्न केला, तोवर गाडी गेली. विमा कंपनीनं मालकाला २,८०,००० रुपये दिले आणि मग ते हॉटेलकडं मागितले. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला, म्हणजे चोरीनंतर २१ वर्षांनी. हॉटेल हरलं.

न्यायालयानं काय म्हटलं ते समजून घे. किल्ली हातात घेतली की ती वस्तू सांभाळायला घेतली. १८७२ च्या करार कायद्यात हे कलम १४८ आणि १५१ मध्ये आहे: साधा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी दुसऱ्याच्या ठेवीची घ्यायची. गाडी जशी आली तशी परत गेली नाही, तर काळजी घेतली होती हे हॉटेलनं सिद्ध करायचं, गिऱ्हाइकानं नव्हे. आपल्याच माणसाच्या हलगर्जीपणातून हॉटेल छापील ओळीच्या आधारे सुटू शकत नाही. वेगळे पैसे घेतले नव्हते, हेही कामाला आलं नाही, कारण पाहुणा खोलीचे, जेवणाचे पैसे देतोच आणि अशा सोयीमुळंच तो येतो. न्यायालयानं एवढं मात्र सांभाळलं, की काहीही झालं तरी हॉटेलच जबाबदार, इतकी कडक जबाबदारी घातली नाही. काळजी घेतल्याचा पुरावा दाखवलास तर वाचशील. म्हणून तुझे पैसे बोर्डावर नको घालवू, पुराव्यावर घाल.

पुरावा म्हणजे काय? किल्ल्यांची पेटी काउंटरच्या मागं, कुलूपबंद, बाहेरच्याचा हात पोचणार नाही अशी. दिल्लीतल्या त्या रात्री सगळा घोटाळा किल्ली उचलता आली म्हणूनच झाला. टोकन दोन तुकड्यांचं; एक किल्लीला, एक गिऱ्हाइकाला, आणि टोकन दाखवल्याशिवाय किल्ली नाही, मग तो 'मी त्यांचा भाऊ' म्हणो की आमदाराचा पीए. रजिस्टरात नाव-गावाच्या रकान्याशेजारी गाडीचा नंबर. आत येताना गाडीचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो. सकाळी 'हा ओरखडा तुमच्याकडं पडला' म्हणणारे निघतात, आणि कधी ते खरंही असतं, तेही फोटोत दिसतं. गाडी हलवायची तर लायसन असलेल्याच माणसानं. चहा आणणाऱ्या पोरानं रिव्हर्स घ्यायला शिकायची जागा तुझं अंगण नव्हे. जमेल तिथं गिऱ्हाइकालाच गाडी लावू दे आणि किल्ली त्याच्याच खिशात राहू दे. मग तू सांभाळायला काही घेतलंस असं म्हणणं त्याला तेवढं सोपं जात नाही. पण म्हणून दिवा विझवून झोपू नको. आणि गाड्यांसाठी ठरवलेला तो तकलादू पत्र्याचा शेड रद्द कर. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडाले तर चोराची गरज राहणार नाही.

हळदीच्या मोसमात माल भरलेली पिकअप घेऊन शेतकरी येईल. यार्डात आवक दाटली की गाड्यांची रांग लागते, मग माणूस म्हणतो, रात्रभर इथं लावतो. खोली घेत असेल तर लावू दे, पण गाडी सांभाळणं आणि माल सांभाळणं या दोन गोष्टी आहेत, हे त्याच्या तोंडावर सांग. पोत्यांवर ताडपत्री आहे का, दोर पक्का आहे का, त्याच्यादेखत बघ. एखाद्या पोत्यानंही त्याची रात्रीची झोप उडते; वर्षाची मेहनत असते ती. त्याच्याकडून गाडीचे पैसे मागायला तर जीभच उचलू नको.

बाहेरच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. दसऱ्यात प्रदर्शनाला आलेला, चतुर्दशीला मोदकाला आलेला माणूस विचारेल, दोन तास गाडी लावू का, पैसे देतो. याच्याकडून घ्यायला माझी हरकत नाही, कारण तो तुझं दुसरं काही घेत नाही. पण दोन अटी. मुक्कामी गिऱ्हाइकाच्या जागा आधी राखायच्या; रात्री दहाला बुकिंगवाला आला आणि अंगण परक्या गाड्यांनी भरलेलं, असं झालं तर ते शंभर-दोनशे रुपये जळो. आणि नगरपालिकेत विचारल्याशिवाय सुरू करू नको. नकाशा मंजूर करताना ती जागा तुझ्या पाहुण्यांची पार्किंग म्हणून दाखवून घेतलेली आहे. तिचा धंदा करता येतो का, यावर देशात एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं जुलै २०१९ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सना सांगितलं, की पार्किंग देणं तुमच्यावर नियमानंच बंधनकारक आहे, त्याचे पैसे घेता येणार नाहीत. तेलंगणानं २०१८ मध्ये पहिला अर्धा तास मोफत ठरवला आणि पुढं खरेदीच्या बिलाशी सांगड घातली. हे सगळं मॉलचं आहे, लॉजचं नाही, पण तर्क तुझ्या अंगणापर्यंत यायला वेळ लागत नाही.

ड्रायव्हरचं आता सांगतो, कारण गाडीच्या गोष्टीत सगळे गाडीचं बोलतात आणि ती चालवणाऱ्याचं कुणी बोलत नाही. परळी, औंढा, नांदेडचा गुरुद्वारा, माहूर असा फेरा करणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्यानं जातात. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चौदा-पंधरा माणसं, सगळी नवखी. कुठं उतरायचं हे त्यांना कोण सांगतो? ड्रायव्हर. आणि त्याला आपण कुठं झोपवतो? स्टिअरिंगवर पाय टाकून, सीट मागं करून, डासांत. मे महिन्यात हिंगोलीत पत्र्याच्या डब्यात झोपून बघ एकदा. सकाळी तोच माणूस पंधरा जीव घेऊन घाटातून गाडी काढणार असतो. तमिळनाडूनं २०२३ मध्ये बांधकाम नियमांतच बदल केला, की हॉटेलांनी पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी झोपायची, अंघोळीची सोय करायचीच. आपल्याकडं तसा नियम येईल तेव्हा येईल. तू जिन्याखालची जागा गोदामाला न देता चार खाटा, एक पंखा, एक संडास-बाथरूम असं करून टाक. रात्रीचं जेवण पाहुण्यांच्या नाही, आपल्या खात्यावर. ज्याची पाठ तुझ्याकडं नीट टेकली, तो दोन महिन्यांनी दुसरी गाडी घेऊन येतोच. काही ड्रायव्हर कमिशन मागतील. नाही म्हण. खाट दे, भाकरी दे, कमिशन नको. कमिशन एकदा सुरू झालं की ते शेवटी खोलीच्या दरातच जातं आणि त्याचे पैसे यात्रेकरू भरतो.

मग वेगळे पैसे कशाकशाचे घ्यायचे? ज्यात तुझं वेगळं काम किंवा वेगळा खर्च आहे त्याचे. गाडी धुऊन हवी असेल तर घे, उन्हाळ्यात टँकरचं पाणी तू विकत आणतोस. इलेक्ट्रिक गाडीला रात्रभर वीज दिली तर मीटर लावून युनिटप्रमाणे घे. त्यात लाजू नको, आणि फुकटही देऊ नको, नाहीतर ते वीजबिल एसटीनं आलेला फेडेल. एखादा खोली सोडून गाडी तुझ्याकडंच आठवडाभर ठेवून रेल्वेनं हैदराबादला जाणार असेल, तर रोजाचे ठरवून घे आणि लिहून घे, कारण आता तो मुक्कामी राहिला नाही आणि जोखीम मात्र तुझ्याकडं राहिली. हे सगळे दर काउंटरवर मराठीत, मोठ्या अक्षरात. आलेल्याला वाचता यावेत, मागून काढल्यासारखे वाटू नयेत.

औंढ्याजवळ लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचं, काम चालू आहे. २,६०० कोटींचा प्रकल्प, ११ मे २०२३ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. पुढं देशोदेशीची माणसं येतील, इंजिनिअर महिना-महिना राहतील. भागीदार म्हणेल, आता तर वेगळे पैसे लावायलाच हवेत, मोठी माणसं आहेत, देतील. देतीलही. पण महिनाभर राहणाऱ्याशी रोज ५० रुपयांचं नातं जोडायचं की महिन्याचा एक दर ठरवून गाडी, नाष्टा, कपडे धुणं सगळं त्यात बसवायचं, हे तू ठरव. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत कळवायची असते, तेवढं विसरू नको; तिथं ५० रुपयांची नाही, पोलिसांची गाठ असते.

तेव्हा बापू, भागीदाराला हे मी सांगितलं असं म्हणू नकोस, आकडे तूच मांड. वॉचमनचे ४० रुपये आणि पावतीचे साडेसात हजार त्याला समोरासमोर दाखव. तो हिशेबी माणूस आहे, ऐकेल. पावतीपुस्तक छापायला टाकलं असेल तर आजच थांबव. त्या पैशांत आधी फाटकाजवळ मोठा दिवा लाव आणि ड्रायव्हरच्या खोलीला पंखा बसव.